थायरॉइडच्या आयोडिननंतर गाल का सुजतो, तोंड का कोरडं पडतं

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, पुढे काही आठवड्यांनी किरणोत्सारी आयोडिनचा डोस होतो, माणूस घरी येतो आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष गळ्यावरच्या व्रणाकडे लागून राहतं. त्रास मात्र भलत्याच जागी सुरू होतो. कुणाला दोन-तीन दिवसांतच कानाखाली ठणका लागतो. कुणाचे चार-पाच महिने अगदी बरे जातात आणि मग एका दुपारी पहिला घास तोंडात घेताच एक गाल टम्म फुगतो. तासा-दोन तासांनी तो आपोआप उतरतो, संध्याकाळी जेवताना पुन्हा फुगतो. शेजारीपाजारी म्हणतात गालगुंड झालं, लेप लावा. रुग्णाच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत असते, आणि ती तो कुणाजवळ बोलत नाही.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. कॅन्सरवरचा उपचार हे माझं क्षेत्र नव्हे, पण त्या उपचारानंतर तोंडाचं जे होतं ते माझ्या खुर्चीवर येतं. चोपड्याकडच्या एक मावशी खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टर, जेवाले बसनू का गाल फुगस. बिमारी परत ऊनी का?" आजार परत आला का, हा प्रश्न मनात घेऊन त्या कितीतरी दिवस झोपल्या नव्हत्या. म्हणून उत्तर आधी देते. आयोडिन घेतलेल्या माणसाचा गाल जेवताना फुगतो आणि नंतर उतरतो, तेव्हा बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. ती लाळग्रंथीची सूज असते, आणि ती औषधामुळे आलेली असते. ती अंगावर काढायची नाही, तिला घाबरायचंही नाही. पण तिच्यासाठी रोज थोडं काही करावं लागतं, आणि नेमकं तेच डिस्चार्ज कार्डावर क्वचित लिहिलेलं असतं.

आयोडिन गालात कसं पोचतं

थायरॉइडच्या पेशींवर एक प्रथिन असतं. रक्तातलं आयोडिन ओढून पेशीत घेणं हे त्याचं काम. कॅन्सर पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकारचा असला, तर त्याच्या पेशींतही आयोडिन ओढण्याची ही ताकद बऱ्याचदा शिल्लक असते. उपचार याच गोष्टीवर उभा आहे. गोळीतून किंवा घोटभर द्रवातून आयोडिन-१३१ द्यायचं. उरलेसुरले थायरॉइडचे कण आणि कॅन्सरच्या पेशी ते स्वतःहून ओढून घेतात. त्यातून निघणारे बीटा किरण फार तर एक-दोन मिलिमीटर जातात आणि त्या पेशींना आतल्या आत मारतात. दर आठ दिवसांनी या आयोडिनची किरणं सोडण्याची ताकद निम्मी होते, आणि बरंचसं आयोडिन त्याआधीच लघवीवाटे निघून जातं.

हे औषध आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झालं. खान्देशातले कितीतरी रुग्ण भुसावळ-जळगावहून रात्रीची गाडी धरून परळला जातात, वेगळ्या खोलीत दोन-चार दिवस राहतात आणि मीटर लावून किरणं पुरेशी कमी झाल्याची खात्री झाली की परत येतात.

अडचण अशी, की आयोडिन ओढणारं ते प्रथिन फक्त थायरॉइडमध्ये नसतं. लाळग्रंथींतही असतं, जठराच्या अस्तरात असतं, डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणाऱ्या नळीतही असतं. लाळग्रंथी रक्तातलं आयोडिन घेऊन ते कित्येक पट दाट करून लाळेत सोडतात. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण त्या दिवशी रक्तात फिरणारं आयोडिन किरणं सोडत असतं, आणि लाळग्रंथीला साधं आयोडिन कोणतं नि हे कोणतं ते कळत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट सांगते, कारण हिच्यापायी घराघरांत रडारड होते. डोसनंतर काही दिवसांनी पूर्ण शरीराचा स्कॅन काढतात. त्यात तोंडाच्या आणि जबड्याच्या भागात गडद डाग दिसतात आणि रिपोर्टमध्ये लाळग्रंथींत 'फिजिऑलॉजिकल अपटेक' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की लाळग्रंथींनी आपल्या नेहमीच्या स्वभावाप्रमाणे आयोडिन घेतलं. कॅन्सर तोंडात पसरला असा त्याचा अर्थ नाही.

कोणती ग्रंथी आणि कुठे

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सगळ्यात मोठी कानासमोर आणि कानाखाली, गालाच्या मागच्या भागात. आयोडिनचा फटका जास्त करून हिलाच बसतो. दुसरी जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. कानापुढच्या ग्रंथीतून सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची बारीक नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दाढांसमोर गालाच्या आतल्या बाजूला उघडते. जिभेचं टोक वरच्या दाढांच्या बाहेरून गालावर फिरवा, एक बारीकसा उंचवटा लागेल. तेच तिचं तोंड.

किरणांनी ग्रंथीतल्या पेशी तर दुखावतातच, पण या नळीच्या अस्तरालाही सूज येते. पुढे सूज भरून येताना नळी जागोजागी आखडते. लाळ कमी होते, घट्ट होते, आणि त्या घट्ट लाळेचे गोळे नळीत अडकतात. आपल्याकडे केळीच्या बागेत ठिबकची नळी चालवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको: पाण्यातले क्षार साचून ड्रीपर चोंदला की मागे दाब वाढतो आणि पुढे झाड कोरडं राहतं. जेवायला बसलं, ठेच्याचा नुसता वास आला तरी ग्रंथी लाळ सोडते. पुढे वाट नसते. ती लाळ मागे तुंबते आणि गाल फुगतो. काही वेळाने गोळा सुटतो, तोंडात एकदम खारट, चिकट पाणी येतं आणि गाल उतरतो. त्या खारट चवीबद्दल रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, मी विचारते तेव्हा "हो हो, तसंच होतं" म्हणतात. ही खूण फार कामाची आहे. गाल जेवताना फुगला आणि खारट पाणी येऊन उतरला, तर अडथळा नळीत आहे हे जवळजवळ ठरलं.

त्रासाचे दोन काळ असतात. एक डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांतला: दोन्ही बाजूंना दुखणं, सूज, तोंडाला धातूसारखी चव किंवा चवच नसणं. चव बहुतेकांची काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांत परत येते. दुसरा काळ उशिराचा, काही महिन्यांनी सुरू होणारा, जेवताना गाल फुगण्याचा. सुरुवातीला काहीच झालं नव्हतं म्हणून पुढे होणार नाही असं नसतं. डोस जितका मोठा, आणि आयुष्यभरात मिळून जितका जास्त, तितकी शक्यता वाढते. पण ३० मिलिक्युरीवर (हे डोस मोजायचं माप) त्रास झालेले आणि १५० वर काहीच न झालेले, असेही रुग्ण असतात. गाल फुगण्याचे हे झटके बऱ्याच जणांत हळूहळू विरळ होत जातात. कोरडेपणा मात्र काहींना कायमचा राहतो.

आपल्याकडे एक गल्लत सर्रास होते. गुटखा-तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेले रुग्ण आपल्या भागात पुष्कळ, आणि त्यांना 'शेक' दिलेला घराघरांतून पाहिलेला असतो. त्यात मशीनमधून किरणं थेट तोंडावर-गळ्यावर सोडतात. तोंड सोलून निघतं, घास गिळवत नाही. आयोडिनचा त्रास तसा नसतो. "आमच्या भाऊंचं असंच झालं होतं" म्हणून भेटायला येणारे जे सांगतात, ते या उपचाराला लागू होत नाही.

लिंबाचं काय करायचं

आयोडिन घेणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं: लिंबू चोखा. कारण सरळ दिसतं. आंबटाने लाळ सुटते, लाळ सुटली की ग्रंथीत साचलेलं आयोडिन धुऊन निघतं. पण कधी चोखायचं, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. २००५ साली जपानमधल्या डॉक्टरांनी लिंबाच्या गोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डोसनंतर तासाभरातच गोळ्या चोखायला लागलेल्या रुग्णांना, चोवीस तासांनंतर सुरू करणाऱ्यांपेक्षा लाळग्रंथींचा त्रास जास्त झाला. त्याचं कारण असं दिलं जातं: पहिल्या काही तासांत रक्तात आयोडिन भरपूर असतं, आंबटाने ग्रंथीकडे रक्त जास्त धावतं आणि सोबत आयोडिनही जास्त येतं. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, की आंबट अधूनमधून न देता ठरावीक वेळाने, रात्रीसुद्धा, सतत दिलं तर धुण्याचं काम चालू राहतं आणि फायदाच होतो. काही केंद्रांत लगेच सुरू करतात, काही ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून.

म्हणून शेजारणीने काय केलं ते बघू नका. तुम्ही जिथे डोस घेताय तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: आंबट कधीपासून घेऊ, किती वेळाने घेऊ, आणि रात्री उठून घेऊ का? लिहून घ्या. पाणी भरपूर पिण्याबद्दल आणि लघवी न तुंबवण्याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. त्या दिवसांत तुमच्या लाळेतही आयोडिन असतं. म्हणून चोखलेली साल, चघळलेलं गम, वापरलेला पेला यांची विल्हेवाट वॉर्डात सांगतात तशीच लावा, आणि घरी आल्यावर सांगितलेले दिवस ताटवाटी वेगळी ठेवा.

डोसच्या आधी आणखी एक काम आहे आणि ते गावातच होतं. दात तपासून घ्या. किडके दात भरून घ्या, काढण्यासारखे असतील ते वेळेत काढून घ्या. डोसची तारीख मिळेपर्यंत बहुतेकांच्या हाताशी काही आठवडे असतात. ऑपरेशन आणि आयोडिन यांच्यामध्ये आलेला रुग्ण मला क्वचित दिसतो. दोन वर्षांनी, हिरड्यांच्या कडेला सगळे दात किडून आलेला रुग्ण जास्त दिसतो. हे पाहून दर वेळी जीव हळहळतो, कारण यातलं बरंच टळण्यासारखं असतं.

गाल फुगला की हाताने काय करायचं

मालिश. ही गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला आरशासमोर बसवून शिकवते, कारण वाचून ती अर्धीच कळते. तरी लिहिते.

आधी घोटभर पाणी प्या. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं गालावर पाच-दहा मिनिटं ठेवा. मग तर्जनी आणि मधलं बोट कानाच्या पाळीसमोर टेकवा. बोटं कातडीवरून नुसती घसरवायची नाहीत. थोडा दाब देऊन गालाचं मांस मागून पुढे, ओठांच्या कोपऱ्याकडे, सावकाश ढकलत न्यायचं. दिशा नेहमी मागून पुढे. एका बाजूला दहा-बारा वेळा. जबड्याखालच्या ग्रंथीसाठी बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली ठेवून हनुवटीकडे आणायची. हे करताना तोंडात काहीतरी चघळायला असलं तर आणखी बरं. पाणी सुटेल ते थुंकून टाका. दुखलं तर दाब कमी करा, पण सोडून देऊ नका. फुगण्याचे झटके चालू असतील त्या काळात जेवणाआधी आणि सकाळी उठल्यावर हे करायचं.

दवाखान्यात मी गाल आतून कोरडा करून बाहेरून अशीच बोटं फिरवते आणि त्या नळीच्या तोंडाकडे लक्ष ठेवते. निरोगी माणसात स्वच्छ, पातळ थेंब येतो. या रुग्णांत आधी काहीच येत नाही. मग पांढुरकी, जेलीसारखी तार बाहेर सरकते, आणि तिच्यामागून खारट पाणी. त्या मावशींच्या गालातून ती तार निघाली तेव्हा मी आरसा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, बघा मावशी, ही तुमची 'बिमारी'. त्यांनी ती तार बोटावर घेऊन किती तरी वेळ पाहिली. त्यानंतर त्यांनी एकदाही कॅन्सरचं नाव काढलं नाही. सुनेलाही मालिश शिकवून ठेवली.

तार पांढुरकी न निघता पिवळा पू निघाला, ताप आला, गाल लाल आणि गरम झाला, तोंड उघडेना, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तो जंतुसंसर्ग आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं. आणि जी गाठ जेवणाशी संबंध न ठेवता तशीच राहते, टणक लागते, वाढत जाते, किंवा गळ्यात नवीन गाठ हाताला लागते, ती त्याच आठवड्यात दाखवायची. थायरॉइडचा कॅन्सर परत येतो तेव्हा बहुतेक वेळा गळ्यात किंवा गळ्यातल्या लसिकाग्रंथींत येतो. त्यावर नजर ठेवायला थायरोग्लोब्युलिनची, म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची, रक्ततपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी असते. त्या तपासण्यांच्या तारखा चुकवू नका, म्हणजे मधल्या काळात गालाकडे बघून झोप उडणार नाही.

कोरडं तोंड आणि खान्देशातलं जेवण

माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती फक्त घास भिजवायला नसते. ती दातांवरचं आम्ल धुते, दाताला कॅल्शियम आणि फॉस्फेट परत देते, बुरशी वाढू देत नाही. कोरड्या तोंडाचा रुग्ण मी तपासायला घेते तेव्हा तोंडातला छोटा आरसा गालाला चिकटतो आणि सोडवून घ्यावा लागतो. जिभेवर भेगा असतात, लाळ असलीच तर फेसाळ. अशा तोंडात दात हिरडीच्या कडेला किडतात, आणि इतक्या झपाट्याने, की सहा महिन्यांपूर्वी पाहिलेला दात ओळखू येत नाही.

आणि आपला मुलूख कसला! मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. जेवणात कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, तर्रीची शेवभाजी, बिबडे. कोरडं आणि जहाल. हे सोडा म्हणून सांगितलं तर कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये, कारण जेवण बेचव झालं की माणूस जेवणच कमी करतो. बदल करायचा तो ओलाव्यात. भाकरी कुस्करून कढीत किंवा वरणात भिजवा. फुनके कढीत बुडवूनच खायचे असतात, तेव्हा तेही चालतात. भरतात मिरची कमी आणि बरोबर दही. खिचडीवर तूप. ज्वारीची आंबील, ताक. केळी मऊ म्हणून चांगली, पण ती दातांना चिकटते. खाल्ल्यावर चूळ भरायचीच. प्रत्येक दोन घासांनंतर एक घोट पाणी, यात लाजण्यासारखं काही नाही.

पाणी दिवसभर, थोडं थोडं. इथे एक गोष्ट मला मोठ्याने सांगायची आहे. शेतात कामाला जाणाऱ्या बायका जाणूनबुजून पाणी कमी पितात, कारण बांधावर लघवीला आडोसा नसतो. लाळग्रंथी दुखावलेल्या बाईला हे फार महागात पडतं. पाणी कमी पडलं की लाळ घट्ट होते आणि नळी चोंदते. घरच्या पुरुषांनी हे समजून घ्यावं आणि त्या वर्षापुरतं तरी तिचं उन्हातलं काम आवरतं घ्यावं, किंवा शेतात आडोशाची सोय करावी. निर्जळी उपासही नकोत. देवाला पाण्याचा घोट चालतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास माझ्याकडे गाल फुगलेले रुग्ण येतात ते याच कारणाने: ऊन, धावपळ, दिवसभर पाणी नाही आणि मग एकदम आमरस-सांजोऱ्यांचं भरलं ताट.

आंबटाने लाळ सुटते म्हणून दिवसभर चिंचेच्या गोळ्या आणि साखरेच्या लिंबूगोळ्या चोखत राहणारे रुग्ण मी पाहते. आयोडिनच्या त्या काही दिवसांपुरतं ते ठीक. महिनोन्महिने चाललं तर साखर आणि आम्ल मिळून दात खाऊन टाकतात, कारण धुऊन न्यायला लाळच नसते. त्याऐवजी बिनसाखरेचं, झायलिटॉल असलेलं च्युइंग गम चघळा. ते मिळालं नाही तर थोडी साधी बडीशेप किंवा वेलदोडा, साखरेचा लेप असलेली बडीशेप नको. आवळा, कैरी, लोणचं जेवणासोबत खा, सुटं चघळत बसू नका. आणि आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता आधी चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा.

तंबाखू, गुटखा, मशेरी बंद. यात तडजोड नाही. दारू असलेलं माउथवॉशही नको. ते तोंड आणखी कोरडं करतं. त्याऐवजी पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा, गिळू नका. फ्लोराइडच्या टूथपेस्टने मऊ ब्रशने दोनदा दात घासा. रात्री घासल्यावर पेस्ट थुंकून टाका पण खळखळून धुऊ नका, तेवढं फ्लोराइड दातांवर राहू द्या. आमच्याकडे दर तीन-चार महिन्यांनी येऊन फ्लोराइडचा लेप लावून घ्या. जीभ जळजळते, पांढरे चट्टे येतात किंवा तोंडाचे कोपरे फाटतात, तर बुरशी असू शकते. तिचं वेगळं औषध असतं. कवळी असेल तर कोरड्या तोंडात ती घासते. रात्री काढून पाण्यात ठेवा.

रात्री कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपू नका. उशाशी तांब्या ठेवा. ओठांना तूप लावा. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या, खाजेच्या गोळ्यांपासून जपून राहा. त्यातल्या बऱ्याच तोंड कोरडं करतात. झोपेच्या, नैराश्याच्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्याही तसंच करतात. त्या स्वतःहून बंद करू नका, पण गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

एवढं करूनही भागलं नाही तर

लाळ वाढवणाऱ्या गोळ्या मिळतात, पिलोकार्पिन त्यातलं एक. ग्रंथीत काम करणाऱ्या पेशी शिल्लक असतील तर तिचा उपयोग होतो. घाम फार येतो, लघवी वारंवार होते. आटोक्यात नसलेला दमा आणि काचबिंदूचे काही प्रकार यांत ती चालत नाही, म्हणून चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सूज फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. कृत्रिम लाळेचे स्प्रे आणि जेल मिळतात. ते लाळ वाढवत नाहीत, फक्त ओलावा देतात, पण भाषण करणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसाला तेवढाही आधार मोठा असतो.

गाल वर्षभर फुगतच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ग्रंथीची सोनोग्राफी जळगाव-धुळ्यात होते. त्यानंतरचा उपाय म्हणजे सायलेंडोस्कोपी: दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची दुर्बीण त्या नळीच्या तोंडातून आत घालतात, गोळे धुऊन काढतात, आखडलेली जागा रुंद करतात, कधी आत स्टेरॉइड सोडतात. बाहेरून कापावं लागत नाही. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, आणि सगळ्यांनाच पूर्ण आराम पडतो असं नाही, पण झटके बऱ्याच जणांचे कमी होतात. ग्रंथीच काढून टाकण्याची वेळ फार थोड्यांवर येते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते, त्यामुळे तो अगदी शेवटचा पर्याय आहे.

डोळ्यातून सतत पाणी गळायला लागलं तर तेही आयोडिनमुळे असू शकतं, कारण अश्रूंची नळीही अशीच आखडते. डोळ्यांच्या डॉक्टरांना आयोडिन घेतल्याचं सांगा. नाहीतर नुसते थेंब घालण्यात महिने जातात.

काहींना पुढे दुसरा डोस घ्यायची वेळ येते. तेव्हा पहिल्या डोसनंतर गाल सुजला होता, किती दिवस, कोणत्या बाजूला, हे तिथल्या डॉक्टरांना डोसआधी सांगा. कमी धोक्याच्या रुग्णांत ३० मिलिक्युरी हा डोस १०० इतकंच काम करतो, हे २०१२ साली इंग्लंड आणि फ्रान्समधल्या दोन मोठ्या अभ्यासांतून दिसलं. ऑपरेशननंतर अगदी कमी धोका असलेल्यांना आयोडिन न देता नुसतं लक्ष ठेवलं तरी पहिल्या तीन वर्षांत निकाल तितकाच चांगला राहतो, हे २०२२ च्या फ्रेंच अभ्यासात दिसलं. आजार पसरलेला असेल तर हिशेब वेगळा असतो, आणि तिथे लाळग्रंथींसाठी डोस टाळणं परवडत नाही. पण किती द्यायचं आणि द्यायचं का, हे ठरवताना तुमच्या गालाची हकीकत डॉक्टरांसमोर असायला हवी. फाइलमध्ये पहिल्या पानावर डोसची तारीख, मिलिक्युरीचा आकडा आणि सुजेची नोंद लिहून ठेवा, आणि ती फाइल दातांच्या दवाखान्यात येतानाही बरोबर आणा.